उजेडाआडचे तारे

डोंबिवलीवर रात्री आकाश काळं पडतच नाही. अमावास्येलाही ते राखाडी-नारिंगी असतं आणि अलीकडे तर बरंचसं दुधाळ. कल्याण, ठाणे, नवी मुंबई आणि पलीकडची मुंबई मिळून जो उजेड वर फेकतात, तो हवेतल्या रेणूंवर आणि धुळीवर विखुरतो आणि त्यातला काही परत आपल्याच डोळ्यांत येतो. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसाचं आकाश निळं दिसतं तेही त्याचमुळे. म्हणून सोडियमच्या जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा पांढऱ्या एलईडीतला निळा भाग स्वच्छ हवेतही जवळजवळ तिप्पट विखुरतो. त्यात हिवाळ्यातलं धुरकं मिसळलं की वर एक उजळ छतच तयार होतं.

पण या छताने तारे विझत नाहीत. धुरक्याने त्यांचा थोडा प्रकाश जातो, बाकीचा जसाच्या तसा खाली पोचतो. जानेवारीत रात्री नऊला कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर असतो. त्याचं अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षं आहे. म्हणजे आज गच्चीवर उभ्या माणसाच्या डोळ्यात शिरणारा तो प्रकाश शिवाजी महाराजांच्या जन्माच्या कितीतरी आधी निघालेला आहे. इतका प्रवास करून तो डोळ्याच्या बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यावर पडतो आणि तरीही पुष्कळदा दिसत नाही, कारण त्याच जागी शहराचा उजेडही पडतो आहे. गर्दीच्या लोकलमध्ये कुणी हळू आवाजात बोलावं, तसं हे आहे. आवाज कानापर्यंत येतो, फक्त वेगळा काढता येत नाही.

मग ताऱ्याचा प्रकाश वेगळा काढता येईल का? येतो, आणि मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. तारे इतके दूर आहेत की साध्या दुर्बिणीतून कितीही मोठं करून पाहिलं तरी तारा ठिपकाच राहतो. आकाशाचा उजेड मात्र पसरलेला असतो. ५० मिलिमीटर भिंगाचा बायनॉक्युलर घ्या. अंधारात पूर्ण उघडलेली बाहुली फार तर सात मिलिमीटरची असते, त्यामुळे तिच्यापेक्षा हे भिंग सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करतं. ताऱ्याच्या बाबतीत हा सगळा वाढीव प्रकाश एकाच ठिपक्यात ओतला जातो. पार्श्वभूमीचा उजेडही तितकाच गोळा होतो, पण मोठ्या केलेल्या प्रतिमेत तो पसरतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याहून जास्त उजळ होऊच शकत नाही. तारा पन्नासपट वर येतो, छत जिथल्या तिथे राहतं. ज्या कोपऱ्यात डोळ्यांना दोन तारे दिसत होते, तिथे बघता बघता वीस-पंचवीस उगवतात. म्हणून उपनगरात राहणाऱ्याने आधी बायनॉक्युलर घ्यावा, दुर्बीण नंतर, असं माझं ठाम मत आहे.

कृत्तिकांवर हे करून पाहा. आधी नुसत्या डोळ्यांनी मोजा. पुराणात कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिका सहा आहेत आणि बऱ्यापैकी अंधाऱ्या आकाशात साध्या नजरेलाही तारे सहाच दिसतात. सहावा तारा साधारण ४.३ प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद). सहा मोजता आले तर तुमचं आकाश उपनगराच्या मानाने चांगलं. चारच दिसले तर तुमची मर्यादा चौथ्या प्रतीच्या आसपासच संपते. खऱ्या अंधारात नजर सहाव्या प्रतीपर्यंत पोचते. एका वेळी वर असणारे दोन-अडीच हजार तारे तिथे दिसतात, तर चौथ्या प्रतीला थांबलेल्या आकाशात जेमतेम दोन-अडीचशे. हे मोजून झालं की कोपर कठड्यावर टेकवून बायनॉक्युलर लावा. त्या चार ठिपक्यांच्या जागी निळसर पांढऱ्या ताऱ्यांचा गच्च घोस दिसतो.

डोळ्यांनाही थोडा वेळ द्यावा लागतो. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींमधलं रसायन अंधारात हळूहळू भरतं, त्याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. फोनच्या पडद्याकडे क्षणभर पाहिलं तरी त्यातलं बरंच वाया जातं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जिथे एकही दिवा थेट डोळ्यात येत नाही, अशी जागा शोधावी. मंद ताऱ्याकडे सरळ न पाहता किंचित बाजूला पाहावं. नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात, त्या कडेला दाटीने असतात. नजर सरकवताच नसलेला तारा अचानक असतो, आणि सरळ पाहिलं की पुन्हा नाहीसा होतो.

आता उत्तरेकडे वळा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून दोन मुठी वर ध्रुव. त्याची उंची म्हणजेच आपला अक्षांश, डोंबिवलीचा सुमारे १९. ध्रुव तसा मध्यमच तारा आहे, पण एवढा खाली असल्याने त्याचा प्रकाश जाड, धुरकट हवेतून येतो आणि फिका पडतो. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला फिरलात तर तिकडेही क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर अगस्त्य असतो. रात्रीच्या ताऱ्यांत तेजाने व्याधाच्या खालोखाल त्याचाच क्रमांक. लंडनला अगस्त्य कधीच उगवत नाही, सिडनीहून ध्रुव कधीच दिसत नाही. आपल्या या पट्ट्यात एकाच गच्चीच्या दोन कठड्यांवरून दोघे सारख्याच उंचीवर भेटतात.

चंद्र आणि ग्रहांना तर शहराच्या दिव्यांचा काही त्रासच नाही. अष्टमीच्या आसपास चंद्रावरच्या उजेड-काळोखाच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, त्या जरूर पाहा. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र तुमच्या बायनॉक्युलरमध्येही दिसतात आणि रात्रीगणिक जागा बदलतात.

जे पसरलेलं आहे ते मात्र इथे हरवतं. आकाशगंगेचा पट्टा, तेजोमेघांच्या कडा, देवयानीतल्या दीर्घिकेचा सगळा विस्तार छताइतकाच पसरट आहे, त्यामुळे भिंगाची युक्ती तिथे चालत नाही. देवयानी दीर्घिकेचा फक्त गाभा धुरकट डाग होऊन उरतो. हे नुकसान खरं आहे आणि त्याने मला वाईट वाटतं. प्रकाशप्रदूषणाच्या २०१६ मधल्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांश माणसांना घरून आकाशगंगा दिसत नाही. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की आकाश दरवर्षी सरासरी ७ ते १० टक्क्यांनी उजळतं आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे लोक अंधाऱ्या आकाशासाठीच कर्जत मार्गावरचं वांगणी गाठत आले. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, तो आपल्या विदर्भात. आणि घराजवळ करण्यासारखंही आहेच: सोसायटीच्या दिव्यांना वरून टोपी बसवली तरी रस्ता तितकाच उजळतो आणि वर जाणारा उजेड थांबतो.

गच्चीवरून खरं निरीक्षणही करता येतं. मृगाच्या चार कोपऱ्यांपैकी तांबूस तारा काक्षी. (सात-आठ जूनला ज्या मृगाची शेतकरी वाट पाहतो, त्या मृगात तेव्हा सूर्यच असतो, म्हणून ते तारे दिसतात हिवाळ्यात.) २०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावत गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो रोहिणीहूनही फिका, मृगाच्याच दुसऱ्या एका कोपऱ्यातल्या ताऱ्याइतका झाला होता. ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूतून धूळ तयार झाली आणि ती आपल्या दिशेला आड आली, असा खुलासा पुढे झाला. ही सगळी घडामोड शहरातूनही नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. काक्षी कधीतरी स्फोट होऊन संपणार आहे, कदाचित लाखभर वर्षांनी. तेव्हा तो दिवसाही दिसेल. तोवर दर पंधरवड्याला तो रोहिणीपेक्षा तेजस्वी आहे की मंद, एवढं वहीत लिहून ठेवायला डोंबिवलीचं आकाश पुरेसं आहे.