मित्रवह्यांतील पंडितांचे हस्तलेख

युरोपांतील सोळाव्या व सतराव्या शतकांच्या विद्वानांचीं चरित्रें वाचतांना ‘आल्बुम आमिकोरुम’ नांवाच्या साधनाचा उल्लेख वारंवार आढळतो. आम्ही त्यास सोयीसाठीं ‘मित्रवही’ म्हणूं. ही चाल १५४० च्या सुमारास विटेनबेर्ग येथील विद्यार्थ्यांत पडली. ल्यूथर, मेलांक्थोन इत्यादि गुरुजनांकडून ते ग्रंथांच्या कोऱ्या पानांवर चार ओळी लिहवून घेत. पुढें त्यासाठीं स्वतंत्र वह्या झाल्या.

लेखाची ठेवण बहुधा ठराविक असे. वर लॅटिन, ग्रीक किंवा हिब्रू वचन, खालीं वहीच्या धन्यास उद्देशून दोन शब्द, मग स्थळ, तारीख व सही. अमुक पंडित अमुक दिवशीं कोठें होता, हें ठरविण्यास असे लेख फार उपयोगी पडतात. मात्र संशोधकानें सावध असावें. आरंभींचीं पानें राजेरजवाड्यांकरितां राखून ठेवीत, म्हणून पानांचा क्रम हा कालक्रम नव्हे. शिवाय १५८२ सालीं पोप ग्रेगरीनें सुधारलेलें पंचांग प्रॉटेस्टंट जर्मन संस्थानांनीं १७०० पर्यंत स्वीकारलें नाहीं. तेव्हां एकाच दिवसाच्या दोन तारखांत दहा दिवसांचें अंतर पडतें. शक व फसली यांचा मेळ घालतांना ज्यांनीं डोळे शिणविले आहेत, त्यांस हें नवें वाटणार नाहीं. वचनावरून लिहिणाराच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचें अनुमान करणें तर त्याहून धोक्याचें. ज्योतिषी केप्लर हा माणसाच्या व्यर्थ चिंतांविषयींची पेर्सिउस कवीची एकच ओळ निरनिराळ्या वह्यांत लिहीत असे.

परंतु एक लेख असा आहे कीं, त्यानें लिहिणारावरच संकट आणलें. इंग्लंडचा विद्वान् मुत्सद्दी सर हेन्री वॉटन हा १६०४ सालीं वकील म्हणून व्हेनिसला जात असतां आउग्सबुर्ग येथें फ्लेकामर नांवाच्या स्नेह्यानें आपली वही पुढें केली. वॉटननें लॅटिनमध्यें लिहिलें तें असें कीं, वकील म्हणजे राज्याच्या हितासाठीं खोटें बोलण्यास परदेशीं धाडलेला सज्जन. पुढें सात वर्षांनीं, १६११ सालीं, शोपे नांवाच्या कॅथॉलिक पंडितानें जेम्स राजाविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथांत तें वाक्य छापलें, आणि अशा राजाचे वकील असेच असावयाचे, असें दाखविलें. राजा संतापला. वॉटनला आउग्सबुर्गच्या वेल्सरकडे एक आणि खुद्द राजाकडे एक, अशीं दोन पत्रें लिहून आपली बाजू मांडावी लागली.

त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन म्हणतो कीं, इंग्रजींत ‘मुक्काम करणें’ व ‘खोटें बोलणें’ या दोन्ही अर्थीं एकच शब्द आहे, तो श्लेष लॅटिनमध्यें उतरला नाहीं. श्लेष भाषांतरांत मरतो, हें संस्कृतज्ञांस सांगावयास नको. तथापि आम्हांस हें समर्थन पुरतें पटत नाहीं. वॉटनसारख्या लॅटिनज्ञास आपल्या शब्दांत श्लेष उरत नाहीं, हें लिहितांनाच दिसलें असलें पाहिजे. मित्राच्या वहींतील थट्टा वहींतच राहील, एवढाच त्याचा भरंवसा असावा. पण वही तर पुढच्या पाहुण्यासमोर उघडण्यासाठींच असते.