रूटिंग (अँड्रॉइड)

रूटिंग म्हणजे अँड्रॉइड स्मार्टफोनच्या कार्यप्रणालीवर सर्वोच्च अधिकार मिळवण्याची प्रक्रिया होय. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे. लिनक्समध्ये सर्वाधिकारी वापरकर्त्यास 'रूट' म्हणतात. त्यावरून हे नाव रूढ झाले.

मराठीच्या संदर्भात

अँड्रॉइड ४.० (२०११) पूर्वीच्या अनेक फोनांवर देवनागरी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत, किंवा वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटलेली असत. फॉन्टच्या फाइली प्रणालीच्या संरक्षित भागात असल्याने त्या बदलण्यासाठी काही वापरकर्ते रूटिंग करीत. पुढे देवनागरीची सोय फोनमध्येच आली. अँड्रॉइड ५.० (२०१४) पासून फोनची भाषा म्हणून मराठीही निवडता येऊ लागली. त्यामुळे रूटिंगचे हे कारण उरले नाही.

लाभ व धोके

रूटिंगमुळे कंपनीने आधीच बसवलेली नको असलेली ॲप काढता येतात आणि संपूर्ण प्रणालीची प्रत जपून ठेवता येते. मात्र त्यासाठी बहुधा बूटलोडर खुला करावा लागतो व तसे करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. चूक झाल्यास फोन निकामी होऊ शकतो. रूट अधिकार मिळालेले घातक ॲप इतर ॲपची खासगी माहितीही वाचू शकते. म्हणूनच बँकांची अनेक ॲप अशा फोनवर चालत नाहीत.

निर्णय

एकच फोन बँक व्यवहारांसाठी वापरला जात असल्यास रूटिंग टाळणे हिताचे ठरते. प्रयोगासाठी वापरात नसलेला जुना फोन अधिक योग्य असतो.