खारा वारा आणि मोटारीतील गारवा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अशा रायगडच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे वापरलेल्या मोटारीचा एसी गार हवा देईनासा झाला, की ‘गॅस संपला’ म्हणून नवा गॅस भरून घेण्याचा प्रघात आहे. परंतु हा वायू पेट्रोलसारखा जळून जात नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि म्हणूनच तो कमी होण्याचा अर्थ कुठेतरी गळती आहे असाच होतो. येथे पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे पुढच्या जाळीमागे राहून वायूची उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भागावर घ्यावा, कारण खाऱ्या वाऱ्यातील मीठ आणि ओल त्याला सूक्ष्म छिद्रे पाडतात. वायूबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असल्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग उमटतो, त्यावर धूळ चिकटून काळपट थर बसतो, आणि तो बोटाला लागणे हाच सर्वांत स्वस्त पुरावा होय. सांध्यावर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे येतात, पण मंद गळती त्याने सापडत नाही. तेव्हा तेलात रंगद्रव्य मिसळून काही दिवसांनी अतिनील दिव्याखाली त्याची चमक शोधतात. डॅशबोर्डमागील इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा थंड करणारा भाग, मात्र दृष्टीआड असतो. वायू हवेपेक्षा जड असल्याने तेथे पाणी ठिबकणाऱ्या नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक शोधक धरतात.

गळती न बुजवता गॅस भरणे खिशाला जड तर पडतेच, शिवाय जुन्या मोटारींतील आर-१३४ए हा वायू, वजनास वजन धरता, शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो.