पोकलेन यंत्र उचलतांना घ्यावयाची खबरदारी

मृगाच्या आधीं तलावांतील गाळ काढून शेतांत पसरण्याचें काम आपल्या सोयगांव तालुक्यांतील शेतकऱ्यांस नवें नाहीं. सन २०१७ सालीं राज्य सरकारनें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढल्यावर या कामीं यंत्रांचा उपयोग अधिकच वाढला. पोकलेन हें मूळ एका फ्रेंच कंपनीचें नांव. परंतु सांखळीवर चालणाऱ्या कोणत्याही खोदयंत्रास आपल्याकडे तेंच नांव चिकटलें आहे. ताशीं भाडें किती, डिझेल कोणी भरावयाचें, याची चौकशी शेतकरी बंधु कसोशीनें करतात. भर शिवारांत सांखळी उतरून यंत्र बसलें म्हणजे तें उचलावयाचें कसें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आणि जिवास खरा धोका आहे तो याच कामांत.

जड यंत्रास चाकांऐवजी सांखळी कां लावतात, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं बेंजामिन होल्ट यानें सन १९०४ मध्यें आपल्या वाफेच्या यंत्राचीं चाकें काढून त्या जागीं सांखळ्या बसविल्या. कारण तेथील मऊ जमिनींत चाकें रुतत असत. सांखळीमुळें भार पुष्कळ जागेवर पसरतो. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत आकडेमोड करण्यांत गेलें, म्हणून येथेंही थोडा हिशेब मांडतों. यंत्राचें वजन २० टन धरा. सांखळी ६० सेंटिमीटर रुंद व जमिनीस टेकलेली लांबी साडेतीन मीटर, अशा दोन सांखळ्या. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर भार सुमारें अर्धा किलो. आतां एक बाजू उचलून ती फूटभर लांबीरुंदीच्या दोन ठोकळ्यांवर टेकविली, तर १० टन भार त्या दोन ठोकळ्यांवर येतो व दर चौरस सेंटिमीटरवर साडेपांच किलो पडतो. भार जवळजवळ बारापट झाला! जी जमीन यंत्रास सहज पेलीत होती, ती ठोकळ्यास पेलीलच असें नाहीं.

त्यांतून आपली जमीन काळी. वैशाखांत ती दगडासारखी कठीण दिसते, पण पोटांत हातभर खोल भेगा असतात. आणि वळवाची एक सर येऊन गेली कीं तीच लोण्यासारखी होते. यास्तव यंत्र थोडें जरी चालूं शकत असेल, तरी तें मुरमाच्या किंवा खडकाच्या सपाट जागीं आणावें. नाल्याच्या उतारावर तर दुरुस्तीस हातच घालूं नये. यंत्र मुळींच हलत नसेल, तर प्रत्येक ठोकळ्याखालीं तीन फूट लांब व तितकीच रुंद अशी जाड फळ्यांची बैठक घालावी. म्हणजे भार पुन्हां सांखळीच्या भाराजवळ येतो.

ठोकळे बाभळीचे किंवा तशाच चिवट लाकडाचे असावे. विटा, सिमेंटचे ठोकळे, नाल्यांतील गोटे हे सर्व वर्ज्य. लाकूड चिरडण्यापूर्वीं करकरतें व माणसास सावध करतें. वीट एकाएकीं फुटते. एकावर एक ठोकळे रचणें झाल्यास एक थर उभा, एक आडवा, असा चौकटीनें रचावा.

यंत्र स्वतःच्या बळानेंच एका बाजूस उचलतां येतें. दुसऱ्या बाजूच्या सांखळीस पुढून व मागून अडण्या लावाव्या. वरचा भाग काटकोनांत फिरवून बूम उचलावयाच्या सांखळीच्या बाजूस आणावा, बूम व पुढील दांडा यांत काटकोन किंवा किंचित् अधिक कोन ठेवावा, आणि बकेटची गोल पाठ जमिनीस टेकवून सावकाश दाबावें. दांते टेकवूं नयेत. ते जमिनींत घुसतात. या वेळीं यंत्राजवळ कोणीही असतां कामा नये. ठोकळे हातानें न सारतां लांब दांड्यानें सारावे, आणि ते यंत्राच्या मुख्य सांगाड्याखालीं, पुढें व मागें, असे बसवावे. नंतर भार ठोकळ्यांवर उतरवावा, इंजिन बंद करावें, सुरक्षेचा दांडा लावावा, आणि किल्ली खालीं शिरणाऱ्या माणसाच्याच खिशांत असावी.

पुष्कळ ठिकाणीं ठोकळे न लावतां नुसत्या बकेटच्या किंवा जॅकच्या आधारावर काम उरकतात. तेलाच्या दाबावर उचललेला भार एक नळी फुटतांच खालीं येतो. मग ओरडण्यासही वेळ मिळत नाहीं.

सांखळी सैल करणें हेंही तितकेंच जोखमीचें काम होय. ती ताणलेली असते ग्रीसच्या दाबानें. त्याची झडप एका फेऱ्याहून अधिक सैल करूं नये, व तोंड तिच्या समोर धरूं नये. दाबाचें ग्रीस कातडी भेदून आंत शिरतें. जखम सुईच्या टोंचणीएवढी दिसते, दुखतही फारसें नाहीं. म्हणून माणूस हळद लावून घरीं बसतो, आणि पुढें बोट किंवा हात गमवावा लागतो. अशा वेळीं त्याच दिवशीं, किंबहुना त्याच घटकेस, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे जावें. सांखळीच्या आंतील मोठी स्प्रिंग शेतांत खोलण्याचा विचारही करूं नये. ती कारखान्यांतच खोलावी.

शेतकरी म्हणेल, 'यंत्र भाड्याचें, ऑपरेटर मालकाचा. आमचा संबंध काय?' परंतु दोन हात कमी पडले म्हणजे ज्यास हांक मारतात तो आपलाच मुलगा किंवा सालदार असतो. पाऊस तोंडावर आला, ट्रॉल्या खोळंबल्या, अशा घाईंत तो बिचारा नाहीं म्हणत नाहीं. म्हणून भाडें ठरवितांनाच मालकास विचारावें कीं, यंत्राबरोबर लाकडी ठोकळे येतात काय? येत नसतील, तर आपल्या संस्थेनें बाभळीचे आठ ठोकळे, चार अडण्या व बैठकीच्या फळ्या करवून गोदामांत ठेवाव्या आणि लागेल त्या सभासदास नोंदवहींत सही घेऊन द्याव्या, अशी आमची सूचना आहे. लाकूड मात्र आतांच कापून सुकत घालावें लागेल. ओलें लाकूड भाराखालीं फाटतें.