डॉब्सन दूरदर्शक
हौशी ज्योतिर्विदांचा न्यूटनीय परावर्ती दूरदर्शक. वरखाली व आडव्या दिशेने फिरणाऱ्या साध्या लाकडी बैठकीमुळे तो स्वस्त पडतो. अमेरिकेतील जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी तो रूढ केला. मोठ्या दूरदर्शकात अखंड नळीऐवजी बहुधा सुट्या दांड्यांचा सांगाडा असतो. प्रवासात मुख्य आरसा पेटीतच राहतो. मात्र प्रत्येक जोडणीनंतर दोन्ही आरसे नेत्रिकेशी पुन्हा एकाक्ष करावे लागतात. यात कसर राहिल्यास आरशाचा मोठेपणा व्यर्थ होय. महाभास्करीय ग्रंथात मध्यरेखेवर गणलेल्या वत्सगुल्माच्या, म्हणजे वाशिमच्या, परिसरात उन्हाळ्यात तापलेला जाड आरसा हवेइतका निवेपर्यंत प्रतिमा थरथरते. म्हणून सूर्यास्त होताच तो उघड्यावर मांडावा. आरशावरील धूळ पुसल्यास ॲल्युमिनियमच्या लेपावर ओरखडे उठतात. ती क्वचितच, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावी.