बिनपगारी उमेदवारी कोणाला परवडते?

अलीकडे महाविद्यालयांत ‘इंटर्नशिप’ हा शब्द रूढ झाला आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या आराखड्यात तिला २ ते ४ श्रेयांक मिळाले. संस्थेत जायचे, काम करता करता शिकायचे, असा तिचा साधा अर्थ. आपल्या भाषेत ती उमेदवारीच.

छोट्या प्रायोगिक नाट्यसंस्थेत उमेदवार काय करतो? नेपथ्य उचलतो, दिवे लावतो, संहितेच्या प्रती काढतो, तालमीची टिपणे ठेवतो. हे शिक्षण मोलाचे आहे, यात वाद नाही. मात्र अशा संस्थांकडे पैसा नसतो. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ने जी नाट्यचळवळ चालवली, तिच्यातील बहुतेक मंडळी नोकरी सांभाळून नाटक करीत. प्रयोगशीलतेचा खर्च कोणाचा तरी पगार भागवीत होता. ज्याच्या घरात पगारच नाही, त्याने काय करायचे?

माझ्या वर्गातील एका मुलाची अशाच एका संस्थेत निवड झाली. मुदत मे महिन्याची, मुक्काम शहरात, मानधन नाही. चार दिवसांनी त्याने पत्र परत आणून दिले. म्हणाला, “सर, वीटभट्टी पावसाळ्यापर्यंतच चालते. तेवढ्यात कमावलं तर वर्षाची फी निघते.” त्याच्या जागी गेलेला मुलगा वाईट नव्हता, त्याची मावशी त्या शहरात राहत होती, इतकेच. निवड गुणवत्तेने झाली आणि निकाल मावशीने लावला.

आपल्या भागाचा इतिहास याबाबत बोलका आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ते संस्थानिकांच्या आश्रयाने. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांच्या वाट्याला असा आश्रय आला नाही. त्यांनी मुंबईत हमाली केली, गिरणीत राबले, आणि १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊ घडले म्हणून उपाशी उमेदवारी योग्य ठरत नाही. त्या वाटेवर किती जण गळाले, त्याची नोंद कोणी ठेवली?

साताऱ्यात मात्र एक उत्तर सापडते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजवले. विद्यार्थ्याच्या श्रमाला मोल आहे, आणि त्या मोलातूनच त्याचे शिक्षण होते, हे त्याचे मर्म. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही विद्यावेतनाचे तत्त्व मान्य झाले आहे. मग कलेच्या उमेदवाराने फुकट का राबावे?

संस्था गरीब असेल, तर विद्यावेतनाचा भार महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने उचलावा. राहण्याची सोय वसतिगृहात करावी. काम जवळच्या कलापथकात, तमाशाच्या फडात केले, तरी तेवढेच श्रेयांक द्यावेत. आणि आपण शिक्षकांनी शिफारसपत्रावर सही करण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारावा : तिथे जेवणार कुठे?