सेल्फ मारण्याआधी दोन तास

कॅनडातल्या विनिपेग शहरात जानेवारीत एखाद्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये डोकावलं, तर गाड्यांच्या पुढच्या जाळीतून तीन पिनांची वायर लोंबताना दिसते. समोर खांबावर विजेचा बोर्ड असतो. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला वाटतं, इथे सगळ्यांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या की काय! पण गाड्या बहुतेक साध्या पेट्रोलच्याच असतात. ती वायर असते इंजिनाच्या ब्लॉक हीटरची. नोकरीनिमित्त एडमंटन-कॅलगरीकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही पहिल्याच हिवाळ्यात हा शब्द शिकावा लागतो.

हीटर म्हणजे बादलीत पाणी तापवायच्या रॉडचाच धाकटा भाऊ. इंजिनाचा ब्लॉक ओतताना आतली वाळू काढण्यासाठी भोकं ठेवलेली असतात आणि ती नंतर पत्र्याच्या वाट्या ठोकून बंद करतात. त्यातली एक वाटी काढून तिथे हा रॉड बसवतात. साधारण ४०० ते हजार वॉटचा हा रॉड भोवतीचं कूलंट तापवतो. तापलेलं कूलंट वर चढतं, गार खाली येतं आणि पंप बंद असतानाही ऊब ब्लॉकभर पसरते.

हे इंजिन गोठू नये म्हणून करतात, असा समज आहे. तो खरा नाही. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घातलेलं कूलंट उणे ३५ अंशांच्याही थोडं खाली जाईपर्यंत गोठत नाही. खरी अडचण तेल आणि बॅटरीची. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, त्यामुळे क्रँक फिरवायला जोर जास्त लागतो. नेमकं त्याच वेळी बॅटरीचं बळ ओसरतं. उणे १८ अंशांवर ती उन्हाळ्यातल्या निम्मीही ताकद देत नाही. सेल्फ मारला की नुसती घरघर होते. समजा, गाडी चालू झालीच, तरी तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचेस्तोवर धातूवर धातू घासतो. गार सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून जास्त पेट्रोल सोडावं लागतं. त्यातलं काही न जळता धुरातून बाहेर पडतं, तर काही भिंतींवरचं तेल धुऊन खाली उतरतं. सिलिंडर आधीच कोमट असतील, तर हे सगळंच बरंच कमी होतं. शिवाय काचेवरचा बर्फही लवकर वितळतो.

तरीही हीटर बॅटरीला ऊब देत नाही, आणि खालच्या चेंबरमधल्या तेलापर्यंतही त्याची ऊब जेमतेम पोहोचते. म्हणून योग्य ग्रेडचं तेल लागतंच. डब्बीवरच्या ‘० डब्ल्यू-३०’मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. शून्य ग्रेडच्या तेलाची सेल्फची चाचणी उणे ३५ अंशांवर घेतात, पाचची उणे ३० वर. आपल्याकडे जुन्या गाड्यांत पडणाऱ्या २० डब्ल्यू-५० ची उणे १५ वर.

हीटर नव्हते तेव्हा उत्तर कॅनडात छोटी विमानं चालवणारे वैमानिक संध्याकाळी इंजिनातलं तेल काढून घेत आणि चुलीजवळ ठेवत. सकाळी इंजिनावर ताडपत्री टाकून खाली स्टोव्ह पेटवत आणि मग गरम तेल परत ओतत. मोटारींसाठी सुटसुटीत तोड काढली ती अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमननं. इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी विजेवर तापणारा बोल्ट बसवायची ही युक्ती होती. १९४९ मध्ये तिचं पेटंट मिळालं. फ्रीमन ग्रामीण वीज सहकारी संस्थेचा व्यवस्थापक होता. गावोगाव वीज पोहोचवणाऱ्यालाच ती वापरायची नवी वाट सापडावी, यात नवल नाही.

वापरात लोकांची गल्लत होते ती वेळेची. संध्याकाळी प्लग लावला की काम झालं, असं वाटतं. पण दोन-तीन तासांत इंजिनाला मिळायची ती ऊब मिळते, पुढे वीज फक्त बाहेरची हवा तापवते. ४०० वॉटचा हीटर तीन तासांत सव्वा युनिटसुद्धा खात नाही, रात्रभर दहा तास ठेवला तर चार युनिटं. म्हणून टायमर लावायचा: आठला निघायचं तर पाच-सहाला चालू. पारा साधारण उणे १५ च्या खाली जाणार असेल तेव्हा लावायचाच. एक्स्टेंशन बाहेर वापरायची, जाड तारेची, अर्थिंगवालीच हवी. घरातली वायर त्या थंडीत ताठ होऊन तडकते. आणि निघताना आधी प्लग काढायचा. गाडी पुढे, वायर खांबाला, हा प्रकार तिथे दर हिवाळ्यात कुणाचा ना कुणाचा होतोच.

डिझेल गाडीत आणखी एक पेच आहे. थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होतं आणि फिल्टर तुंबतो. इंजिन कितीही उबदार असलं तरी टाकीतलं डिझेल पुढे सरकत नाही. लडाखमधल्या ट्रकचालकांना हे चांगलं ठाऊक आहे. टाकीखाली जाळ करून डिझेल पातळ करायची जोखीम तिथे घेतली जायची. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. तेव्हा गाडी अडली की आधी पाहायचं, अडलंय कुठे. सेल्फ जड फिरतोय तर बॅटरी, तेल आणि हीटर तपासा. सेल्फ झोकात फिरतोय आणि डिझेल इंजिन पकडतच नाही, तर टाकी आणि फिल्टरकडे वळा.